इशारा तीन तासांचा, जबाबदारी साऱ्या वस्तीची

आरोग्य तपासणीसाठी शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांमध्ये गेलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, मोबाईलवर यलो अलर्ट आलाय. मग आज कामावर जायचं का नाही?" प्रश्न साधा वाटतो. पण घरी बसले तर रोज बुडतो आणि गेले तर जिवाची भीती असते. म्हणून हवामानाचा इशारा कसा वाचायचा आणि मिळालेल्या वेळात काय करायचे, ते या वेळी सांगत आहोत.

तीनच तास का?

हवामान खात्याच्या कुलाब्याच्या केंद्रातून पुढच्या काही दिवसांचा जिल्हावार अंदाज रोज निघतो. विजा, वादळी वारा आणि मुसळधार सरी यांसाठी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा वेगळा दिला जातो. कारण गडगडाटी ढग तास-दोन तासांत उभा राहतो. दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्राकडची ओलसर हवा सह्याद्रीला अडून वर चढते आणि ढग भरतो. तो नेमका कोणत्या गावावर कोसळेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. रडारवर दिसू लागला की मगच कळते.

यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा आणि रेड म्हणजे लगेच कृती करा. इशारा बहुतेक वेळा साऱ्या ठाणे जिल्ह्याला मिळून असतो. खाडीकाठचे ठाणे शहर आणि माळशेजच्या पायथ्याचे गाव यांचा पाऊस मात्र एक नसतो. तेव्हा मावशीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. यलो असेल तर कामावर जा, पण पक्का आसरा कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. ऑरेंज असेल तर लांबचे शेत, नदीकाठ आणि ओढ्यापलीकडचे काम टाळा. रेड असेल तर घर सोडू नका. घरच पाण्याच्या वाटेत असेल तर वेळीच सोडा.

ऊन: आकड्यापेक्षा अंगावर जास्त

किनारी जिल्ह्यांत कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेले की उष्णतेची लाट धरतात. पण हे तापमान सावलीत मोजलेले असते. वीटभट्टीवर किंवा पत्र्याच्या घरात अंगाला लागणारी उष्णता त्याहून अधिक असते. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. तरीही उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्याच आठवड्यात आपली भीमजयंती असते. जयंतीची मिरवणूक ऊन उतरल्यावरच काढावी, वाटेत पाण्याची सोय ठेवावी आणि लहान मुलांना व म्हाताऱ्यांना दुपारी मंडपाबाहेर बसवू नये.

तानसा आणि भातसा धरणे उशाशी असूनही शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हंडे घेऊन चालणाऱ्या आपल्या भगिनींना ऊन सर्वात जास्त लागते. पाणी शक्यतो सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी आणावे. गरोदर बाईला दुपारच्या खेपेला पाठवू नये. तिची खेप घरातल्या पुरुषाने करावी.

चक्कर, पायात गोळे, मळमळ ही सुरुवात असते. माणसाला सावलीत घ्या आणि ओआरएस पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्यावा. बडबड, झटके, बेशुद्धी आणि तापलेले अंग हा उष्माघात आहे. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा व जांघा यांवर ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

वीज: गडगडाट ऐकला की काम थांबले पाहिजे

आपल्याकडे विजांचा धोका पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात जास्त असतो. परतीचा पाऊस नेमका भातकापणीच्या दिवसांत येतो, तेव्हा सगळे उघड्या शेतात असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अॅप जवळच्या विजांची सूचना देते. पण डोंगराकडेला रेंज जाते. तेव्हा गडगडाट हाच इशारा समजावा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, शेतातल्या उघड्या मांडवात किंवा पाण्यात थांबू नका. आसरा नसेल तर एकमेकांपासून लांब होऊन पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत निव्वळ खोटी आहे. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, हेही खोटे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर दाब द्या आणि १०८ येईपर्यंत थांबू नका. अनेकांचे प्राण याने वाचतात. शेणात किंवा मातीत पुरण्यात वेळ घालवला तर माणूस हातचा जातो. दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर वारसांना शासनाकडून ४ लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. म्हणून तलाठी आणि पोलिसांना कळवल्याशिवाय अंत्यसंस्काराची घाई करू नका.

अतिवृष्टी: पाणी वरून येते

चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'मुसळधार', ११५.६च्या पुढे 'अति मुसळधार' आणि २०४.५च्या पुढे 'अत्यंत मुसळधार' पाऊस म्हणतात. आपल्या वस्तीत ऊन पडलेले असले तरी घाटात पाऊस असेल तर काळू आणि भातसा फुगतात. धरणातून पाणी सोडण्याचा निरोप आला की नदीकाठी धुणे, मासे, गुरे सगळे थांबवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघ्याएवढ्या पाण्यातही पाय टिकत नाही.

७ जुलै २०२४ रोजी शहापूर तालुक्यातल्या पावसात आटगाव-तानशेत दरम्यान रुळांवर माती आली आणि कसारा मार्गावरच्या गाड्या अडकल्या. गाड्या आणि रस्ते अडले की रुग्णही अडतो. म्हणून ऑरेंज अलर्ट येताच दिवस भरलेल्या गरोदर बाईला आदल्या दिवशीच शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाजवळ किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे हलवा. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या घरात ठेवा. घरात पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद करा. पुरानंतर पाणी उकळूनच प्या. चिखलात काम केल्यावर ताप व अंगदुखी झाली तर लेप्टोची शंका धरून आरोग्य केंद्र गाठा. साप चावला तर भगताकडे न जाता थेट दवाखान्यात जा.

विहारातून निरोप

प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन नाही, पण प्रत्येक वस्तीत विहार किंवा पंचशील ध्वजाचा कट्टा आहे. आमची विनंती अशी. दोन जणांनी, एक महिला आणि एक तरुण, रोज इशारा पाहण्याची जबाबदारी घ्यावी. विहाराच्या फळ्यावर त्या दिवसाचा रंग लिहावा. तीन तासांचा इशारा आला की भोंग्यावरून सांगावे. एकटे राहणारे म्हातारे, गरोदर व बाळंतीण, अपंग, शेतावर किंवा भट्टीवर गेलेली माणसे यांची यादी विहारात असावी आणि कोण कोणाला निरोप देणार हे आधीच ठरावे. त्याच फळ्यावर १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे नंबर मोठ्या अक्षरांत असावेत.

उरला रोजाचा प्रश्न. एकट्या मजुराने काम थांबवले तर त्याला घरी पाठवतात. सगळ्यांनी मिळून थांबवले तर मुकादमाला ऐकावे लागते. म्हणून भट्टीचा किंवा कापणीचा दर ठरवतानाच दोन गोष्टी बोलून घ्या: उन्हाळ्यात काम पहाटे सुरू होईल आणि दुपारी बारा ते चार बंद राहील, गडगडाट झाला तर काम थांबेल आणि रोज कापला जाणार नाही. ही बोलणी पंचकमिटीने वस्तीच्या वतीने करावीत.

जय भीम!