'गॅलंट' म्हणजे शूर? नेहमीच नाही

परमवीर चक्राला इंग्रजीत 'गॅलंट्री अवॉर्ड' म्हणतात, त्यामुळे 'गॅलंट' म्हणजे शूर हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण या शब्दाचं मूळ रणांगणात नाही, मौजमजेत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'गालेर' म्हणजे मजा करणं. ('गाला डिनर'मधला गाला याच कुळातला.) इंग्रजीत आधी झकपक, ऐटबाज माणूस गॅलंट ठरला, मग शूर, आणि पुढे स्त्रियांशी अदबीने वागणाराही. 'गॅलंट्री'चा एक जुना अर्थ तर चक्क प्रेमप्रकरण! आपल्या 'शौर्या'त यातलं काहीच नाही. म्हणून जुनं इंग्रजी वाचताना जपून. थॉमस डेकरने १६०९ मध्ये 'द गल्स हॉर्नबुक'मध्ये ज्या गॅलंटांची टर उडवली, ते नाटकगृहात थेट रंगमंचावर बसून मिरवणारे छानछोकी तरुण होते. त्यांना 'शूरवीर' म्हटलंत, तर सगळी थट्टाच बुडाली.