विश्लेषण : बीटी कपाशीत जनुक शाबूत, तरी बोंडात अळी का?

भोकरदन असो वा घनसावंगी, जालना जिल्ह्यात आज कपाशीचे शेत दिसले की ते बहुधा बीटीचेच असते. या कपाशीत घातलेले जीवाणूचे जनुक पेरणीच्या दिवशी बियाण्यात असते, तसेच शेवटच्या वेचणीला उभ्या असलेल्या झाडातही असते. ते झिजत नाही की गळून पडत नाही. तरीही सुरुवातीचे तीन महिने निर्धास्त असलेले पीक दसरा-दिवाळीनंतर अळीच्या तावडीत का सापडते? उत्तराचा एक भाग अळीत आहे. दुसरा झाडाच्या पेशीत आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

जालन्याचा संबंध काय?

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोन्सॅन्टोच्या तंत्रज्ञानावर बेतलेल्या महिकोच्या तीन संकरित बीटी वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्राची परवानगी मिळाली. देशात लागवडीस मान्यता मिळालेले हे पहिले जनुकीय सुधारित पीक. दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ हे २००६ मध्ये आले.

एकच डीएनए, मग पान वेगळे आणि बोंड वेगळे कसे?

आपल्याकडील बहुतांश संकरित कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर तो दीड मीटरच्या आसपास भरेल. तो मावतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर रिळासारखा गुंडाळलेला असतो आणि त्याचे वेटोळे पडलेले असतात. जिथे गुंडाळी घट्ट, तिथली जनुके सहसा गप्प. जिथे सैल, तिथली वाचली जातात. वेटोळ्यामुळे लांबवरचा ‘स्विच’ नेमक्या जनुकाशेजारी येऊ शकतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण खुद्द कापूस आहे. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. फूल उमलते त्या सुमारास सालीवरील साधारण तीन-चार पेशींपैकी एक पेशी तंतू होऊ लागते, शेजारच्या पेशी साल म्हणूनच राहतात. डीएनए दोघींचा तोच. फरक इतकाच, की एकीत ‘एमवायबी’ गटातील काही नियंत्रक जनुके जागी होतात. त्यातले एक प्रमुख जनुक शास्त्रज्ञांनी बंद पाडले, तेव्हा सरकी जवळजवळ बोडकी निघाली!

महाराष्ट्रात हा विषय कोणी हाताळला?

वनस्पतींत नव्हे, पण प्राण्यांच्या पेशींत या प्रश्नावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले आहे. डॉ. संजीव गलांडे यांनी पीएचडीनंतरचे, म्हणजे पोस्ट-डॉक्टरल संशोधन अमेरिकेत बर्कले येथे तेरुमी कोही-शिगेमात्सु यांच्या प्रयोगशाळेत केले. तिथला विषय होता ‘सॅटबी-१’ हे प्रथिन. रोगप्रतिकारक टी-पेशी घडत असताना हे प्रथिन डीएनएची वेटोळी बांधून धरते आणि कोणती जनुके बोलतील हे ठरवण्यात भाग घेते. भारतात परतल्यावर राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि पुढे आयसर पुणे येथे त्यांच्या गटाने हे काम पुढे नेले. कपाशीच्या डीएनएची त्रिमितीय घडी कशी असते, याचा नकाशा चीनमधील वुहानच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला.

बीटी जनुकाचा ‘स्विच’ कुठला?

बीटी जनुकासोबत जो चालू-बंदचा तुकडा जोडला, तो फुलकोबीवरच्या एका विषाणूकडून घेतला आहे. तो झाडाच्या सर्व भागांत, सर्व काळ चालू राहावा ही अपेक्षा. पण जनुक गुणसूत्रावर कुठे जाऊन बसले, यावरही ते किती जोरात चालेल हे ठरते. म्हणूनच कंपन्या शेकडो झाडे तपासून त्यातले एक निवडतात. अशा एका यशस्वी शिरकावाला ‘इव्हेंट’ म्हणतात आणि परवानगी त्या इव्हेंटला असते.

प्रत्यक्ष शेतात काय घडते? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील डॉ. केशव क्रांती व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आठ बीटी संकरित वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विष सर्वाधिक होते पानांत. सर्वांत कमी कुठे? फुलाच्या अंडाशयात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत, म्हणजे अळीचा डोळा असतो नेमका तिथेच. झाडाचे वय वाढेल तसे विष घटत गेले आणि ११० दिवसांनंतर ते अमेरिकन बोंडअळीला रोखण्यासाठी लागणाऱ्या पातळीखाली आले. झाड म्हातारे होताना प्रथिने बनवण्याचा वेगच मंदावतो. शिवाय स्विचवर मिथाइल नावाचे रासायनिक शिक्के बसून तो दबतो, असेही काही अभ्यासांत आढळले. उष्णता व पाण्याच्या ताणानेही फरक पडतो. मराठवाड्यात हे कलम दुर्लक्षून चालणार नाही.

मग दोष फक्त झाडाचा का?

नाही. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात ज्या गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजवला, तिने बोलगार्ड-२ची दोन्ही विषे पचवण्याची ताकद मिळवली होती. अशा अळीपुढे जनुक पूर्ण जोरात चालले तरी उपयोग बेताचाच. मात्र दोन गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्या. कमी मात्रेचे विष खाऊन ज्या अळ्या तगतात, त्यांचीच पिलावळ वाढते. त्यात संकरित वाणाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी; तिच्यात जनुकांची वाटणी होते आणि एकाच बोंडात काही सरक्या विषारी, काही बिनविषारी निघतात. गुलाबी अळी खाते ती सरकीच.

फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढा, हा कृषी विभागाचा सल्ला यामुळेच. पाणी देऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जगवलेल्या झाडात विष सर्वांत कमी आणि अळी सर्वांत जास्त असते. हातात चार पैसे यावेत म्हणून शेतकरी फरदड घेतो हेही खरे, तेव्हा नुसत्या सल्ल्याने ते थांबेल असे नाही. पेरणीनंतर दीड महिन्यात कामगंध सापळे लावणे आणि डोमकळ्या वेचून नष्ट करणे हे तुलनेने स्वस्त उपाय आहेत.

प्रयोगशाळांत आता फक्त बोंडातच जोरात चालणारे स्विच शोधले जात आहेत. शेतात मात्र अजून २००६ मध्ये मान्यता मिळालेले बोलगार्ड-२ उभे आहे.