परदेशात राहून मूल दत्तक घेताना

पुसदची माझी मैत्रीण जर्मनीत असते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने दत्तक येणाऱ्या बाळाची खोली दाखवली. पलंग, पुस्तकं, सगळं मांडून ठेवलंय. कपाट मात्र रिकामं. मूल किती वर्षांचं येईल हेच ठाऊक नाही, मग कपडे कोणत्या मापाचे घ्यायचे?

इकडून घरच्यांचा दर फोनला एकच प्रश्न, "अजून किती दिवस?" मी बालसंरक्षणाच्या कामात आहे, म्हणून थोडं सांगते.

परदेशातल्या भारतीयांना आपल्याकडच्या संस्थेतलं मूल थेट घेता येत नाही. तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे नोंदणी होते. त्यासाठी गृह अध्ययन अहवाल लागतो: घर, उत्पन्न, तब्येत, नवराबायकोचं नातं, सगळं तपासतात.

मग प्रतीक्षायादी. हा काळ फार जड जातो. मुलाची माहिती आली की ९६ तासांत ते राखून ठेवावं लागतं. पुढे 'कारा'चं ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तक आदेश, पासपोर्ट. मूल घरी गेल्यावरही दोन वर्षं त्याच्या प्रगतीचे अहवाल येतात. मला हे रास्तच वाटतं.

ही वाट टाळून "दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देतो" असं यवतमाळ-वणीकडे कुणी म्हणालं, तर साफ नकार द्या. तो गुन्हा आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा १०९८ वर कळवा.