संपादक पुलित्झर

इ. स. १८६४ मध्ये हंगेरीतील एक सतरा वर्षांचा मुलगा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला. अंगाने किडकिडीत, दृष्टीने अधू आणि खिशाने रिकामा! त्या देशात तेव्हा यादवी युद्ध चालू होते व उत्तरेच्या सैन्यात भरती होण्यासाठीच तो आला होता. त्याचे नाव जोसेफ पुलित्झर.

युद्ध संपल्यावर तो मिसुरी राज्यातील सेंट लुई शहरी गेला. पडेल ते काम करावे आणि उरलेला वेळ ग्रंथालयात घालवावा, असा त्याचा क्रम असे. १८६८ साली एका जर्मन वृत्तपत्रात त्याला बातमीदाराची नोकरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. सभासदाचे वय निदान पंचवीस असावे असा नियम होता. पुलित्झर अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या वयाची फारशी चौकशी कोणी केली नसावी!

विधिमंडळात त्याने लाचलुचपतीवर हल्ला चढविला. परंतु स्वभाव तापट. एका कंत्राटदाराशी झालेल्या भांडणात त्याने पिस्तूल झाडले. गोळी पायाला लागून तो मनुष्य बचावला व पुलित्झरला दंड झाला. कायदे करणाऱ्याला हे मुळीच शोभणारे नव्हते.

१८७८ साली 'डिस्पॅच' हे डबघाईस आलेले पत्र त्याने लिलावात अडीच हजार डॉलरांस घेतले आणि 'पोस्ट' या दुसऱ्या पत्रास जोडले. शहरातील धनिकांनी करासाठी आपली संपत्ती किती थोडी दाखविली आहे, याच्या याद्याच या पत्राने छापल्या. नुसत्या आकड्यांनी शहर हादरले.

१८८३ मध्ये त्याने न्यूयॉर्कचे 'वर्ल्ड' विकत घेतले. त्या वेळी फ्रान्सने भेट दिलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभारावयाचा होता. पण चौथऱ्यासाठी पैसा नव्हता. सरकारी मदत मिळेना, श्रीमंतही हात आखडून बसले. तेव्हा मार्च १८८५ मध्ये 'वर्ल्ड'ने सामान्य जनतेस हाक दिली. देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचे नाव छापले जाईल, असे वचन दिले. आयोवा राज्यातील एका बालवर्गाने एक डॉलर पस्तीस सेंट पाठविले. ऑगस्टपर्यंत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणारे होते एक लाख वीस हजारांहून अधिक! पत्राचा खपही यामुळे वाढला, हे सांगितलेच पाहिजे. याच सुमारास तो राष्ट्रीय काँग्रेसवर निवडून आला होता. पण १८८६ मध्ये त्याने त्या जागेचा राजीनामा दिला. संपादकाची खुर्ची मात्र त्याने सोडली नाही.

पुढे हर्स्ट या प्रतिस्पर्ध्याशी खपाची चढाओढ लागली. १८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धाच्या सुमारास दोघांच्याही पत्रांनी भडक व अतिरंजित बातम्या छापल्या. पुलित्झरच्या कीर्तीवरील हा डाग पुसला गेलेला नाही.

तोपर्यंत त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. चिटणिसांनी पत्र वाचून दाखवावे, त्याने ऐकून सूचना द्याव्यात, असे वर्षानुवर्षे चालले. १९११ साली तो वारला. त्याने ठेवलेल्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये वृत्तपत्रविद्येचे विद्यालय सुरू झाले आणि १९१७ पासून त्याच्या नावाची पारितोषिके दिली जाऊ लागली.