‘एएमडी तापतो’ म्हणे

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझी मिरजेची मावसबहीण मुंबईला आली, ती पर्समध्ये दोन कोटेशनं घेऊन. ती अक्षरजुळणी आणि पानमांडणी करते. दिवाळी अंकांचे दोन-अडीच महिने हाच तिच्या वर्षाचा खरा हंगाम. जुना संगणक नेमका त्याच्या तोंडावर बंद पडला होता. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं होतं आणि लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानानं दोन संगणकांचे भाव लिहून दिले होते. एकात इंटेलचा प्रोसेसर, दुसऱ्यात एएमडीचा. “ताई, इंटेलच घ्या, एएमडी तापतो,” असा दुकानदाराचा सल्ला. तिनं मला विचारलं, “दादा, खरंच तापतो का रे?”

मी स्वतः अनेक वर्षं एएमडीचा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळे उत्तर देण्यापूर्वी थोडं मागे जावं लागलं.

तिची पहिली शंका वेगळीच होती: एएमडीवर आपले मराठी फॉन्ट चालतील का? चालतात. प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची एक ठरावीक भाषा असते आणि या दोन्ही कंपन्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना एकच भाषा कळते. खिळ्यांच्या जमान्यात एकच हस्तलिखित दोन जुळाऱ्यांना दिलं तर दोघांच्या हातून मजकूर तोच निघे. वेग आणि सवयी तेवढ्या निराळ्या. इथंही तसंच आहे. मात्र दोन स्पर्धकांना एकच भाषा कशी काय मिळाली, ही गोष्ट करारांनी आणि कोर्टकज्ज्यांनी भरलेली आहे.

दोन्ही कंपन्या एकाच घरातून फुटलेल्या. कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली. पुढच्याच वर्षी तिथलेच जेरी सँडर्स आणि त्यांचे सहकारी यांनी एएमडी स्थापन केली. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यात इंटेलचा ८०८८ होता. पण आयबीएम सावध गिऱ्हाईक होतं. एकाच पुरवठादारावर आपला सगळा धंदा टांगून ठेवायला ती तयार नव्हती; तोच माल बनवणारा दुसरा कारखाना हवा, असा तिचा आग्रह होता. त्यातून १९८२ साली इंटेल आणि एएमडी यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला. आज गिऱ्हाइकासमोर दोन कोटेशनं येतात, त्याचं मूळ एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या या हट्टात आहे.

धंदा फोफावल्यावर इंटेलला हा वाटेकरी नकोसा झाला. १९८५ सालच्या ३८६ प्रोसेसरचा तपशील तिनं एएमडीला दिला नाही. प्रकरण लवादाकडे आणि तिथून न्यायालयात गेलं. एएमडीनं दरम्यान आपला ३८६ स्वतःच तयार करून १९९१ साली विकायला काढला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९४ मध्ये एएमडीच्या बाजूनं लागला आणि पुढच्या वर्षी दोघांत तडजोड झाली. नुसत्या आकड्यांवर मालकी सांगता येत नाही हे कळल्यामुळे इंटेलनं ५८६ ऐवजी ‘पेंटियम’ हे नाव घडवलं. त्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्मानं पुण्याचे. पुढे ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीनं विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यावरून एएमडीचा के-६ तयार झाला. म्हणजे माणसंसुद्धा या तीरावरून त्या तीरावर जात-येत राहिली.

मग भाषेतच भर घालायची वेळ आली. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाताना इंटेलनं आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ‘इटानियम’ची नवी भाषा पुढे केली. एएमडीनं २००३ साली जुनीच भाषा वाढवून दिली, जुने प्रोग्राम तसेच चालू ठेवून. लोकांनी हीच पसंत केली आणि २००४ मध्ये इंटेललाही ती स्वीकारावी लागली. लिनक्सच्या काही वितरणांत आजही इंटेलच्या यंत्रासाठीच्या फाइलवर ‘एएमडी६४’ असं लिहिलेलं असतं. मला त्याची अजून गंमत वाटते.

आता तापण्याविषयी. ही म्हण हवेतून आलेली नाही. २००१ साली एका परीक्षकानं चालू अ‍ॅथलॉनवरचा थंड ठेवणारा धातूचा ठोकळा काढून दाखवला होता. काही क्षणांत त्यातून धूर निघाला. त्याच कसोटीत पेंटियम ४ वेग कमी करून तगला. ते चित्रण जगभर फिरलं. पण २००४ चा नव्या बांधणीचा पेंटियम ४ स्वतःच तापण्यासाठी बदनाम झाला, हे बाजारानं तितकं लक्षात ठेवलं नाही. पुढे २०११ पासूनच्या एएमडीच्या ‘एफएक्स’ मालिकेनं वीज खाऊन म्हण पुन्हा खरी करून दिली. २०१३ मधल्या तिच्या सर्वांत वरच्या प्रोसेसरचा अधिकृत आकडा २२० वॅट होता. २०१७ च्या ‘रायझेन’नं चित्र पालटलं. त्याआधी इंटेलच्या सर्वसामान्य डेस्कटॉप प्रोसेसरांत चारच्या वर कोअर नसायचे. एएमडीनं आठ दिले आणि त्याच वर्षी इंटेल सहावर आली. २०२३ मध्ये रायझेनचे काही महागडे प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजमुळे जळाले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजचाच दोष निघाला; कंपनीला दुरुस्ती पाठवून हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. दुकानदाराची म्हण मात्र होती तिथंच आहे.

बहिणीच्या कोटेशनांवर दोन नावं होती: ‘रायझेन ५ ५६००जी’ आणि ‘कोअर आय५-१२४००एफ’. दोन्ही सहा कोअरचे, दोन्हींवर ६५ वॅट लिहिलेलं (जोर लावला की इंटेलचा १२४०० ११७ पर्यंत जातो, ते बारीक अक्षरांत). तापायचंच तर दोघंही सारखेच तापणार होते. माझी नजर अडली ती शेवटच्या ‘एफ’वर. इंटेलच्या यादीत ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडदा काळा राहतो. कोटेशनात कार्ड नव्हतं. संगणक मिरजेला पोचून एसटीच्या पार्सलमधून बाहेर निघाल्यावर हे कळलं असतं.

पुढचा प्रश्न तिच्या कामाचा. पानमांडणीत बहुतेक वेळ एकच कोअर राबत असतो, बाकीचे बसून असतात. एका कोअरच्या वेगात १२४०० हा ५६००जीच्या पुढे होता. शिवाय ५६००जी ज्या सॉकेटवर बसतो, तो एएमडीनं २०२२ मध्येच मागे टाकला होता. त्या सॉकेटनं २०१७ पासून लोकांचे मदरबोर्ड वाचवले, हे त्याचं मोठं पुण्य. पण आज नव्यानं त्यात शिरण्यात तिचा फायदा नव्हता. एएमडीचा नवा सॉकेट चांगला, मात्र त्याचा बोर्ड आणि मेमरी तिच्या कर्जात बसेना.

तेव्हा मी, एएमडीवाला, तिला ‘एफ’ नसलेला १२४०० घ्यायला सांगितलं. दीडएक हजार जास्त पडले. कोटेशनातला रंगीबेरंगी दिव्यांचा कॅबिनेट रद्द केला, साधा घेतला, आणि वाचलेल्या पैशांत मेमरी ८ जीबीची १६ करून घेतली. फोटोंनी भरलेली २५० पानं एका वेळी उघडायची, तर खरी रड तिथंच होती.

दुकानदारानं बिल करताना हसून म्हटलं, “बघा साहेब, मी म्हणत होतो ना, इंटेलच घ्या.” बहीण माझ्याकडे बघत होती. मी कोपरानं तिला बिलावरचं मॉडेल पुन्हा एकदा वाचायला लावलं.