विद्यार्थ्यांचा नाटकछंद : मोडावा की जोपासावा?

‘मुलगा अभ्यासात तसा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात अष्टौप्रहर टीव्हीवरील मालिका, संगीत नाटके आणि विनोदी प्रहसने यांचाच गोंधळ चाललेला असतो. याला करावे तरी काय?’ असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांतून विचारला जातो. अशा विद्यार्थ्याचे चित्र रेखाटावयास फारसे कष्ट पडत नाहीत. इतिहासातील सनावळी विसरेल, परंतु कोणत्या भागात कोणत्या नटाने कोणती फजिती उडवून दिली हे तो बिनचूक सांगेल. स्नानगृहात ‘कट्यार काळजात घुसली’मधील पदांच्या ताना ऐकू येतील, आणि जेवताना एखाद्या विनोदवीराची हुबेहूब नक्कल होऊन धाकट्या भावंडांची हसून मुरकुंडी वळेल. ही लक्षणे दिसू लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, टीव्ही बंद करा, मोबाईल काढून घ्या. दुसरा म्हणतो, हसण्याबागडण्याचेच वय आहे, त्याला मोकळे सोडा. आमच्या मते हे दोन्ही पक्ष मूळ गोष्टीस स्पर्श करीत नाहीत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, हे वेड आजचे नव्हे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून महाराष्ट्रास नाटकाचा नाद आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, त्यापाठोपाठ 1882 साली ‘सौभद्र’ आले, आणि नाट्यपदे घरोघर शिरली. 1911 साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. बालगंधर्वांच्या साडी नेसण्याची तऱ्हा घरंदाज स्त्रियांनीही उचलली, एवढा त्या काळच्या नाटकवेडाचा पगडा होता. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनाही मुले बिघडणार अशी धास्ती वाटतच होती. परंतु ज्या रंगभूमीस ती मंडळी नावे ठेवीत, त्याच रंगभूमीवर 1899 साली देवलांची ‘शारदा’ उभी राहिली, आणि पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीस म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची लाज हशाटाळ्यांच्या गजरात वेशीवर टांगली गेली. जे कार्य व्याख्यानांनी होईना, ते गाण्याने आणि हास्याने पुष्कळ अंशी साधले. तेव्हा करमणूक म्हणजे कालाचा अपव्यय असे सरसकट म्हणणाऱ्याने आपल्याच पूर्वजांच्या अनुभवाकडे पाठ फिरविली असे होईल.

मग बदलले काय? 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळी चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच घरी टीव्ही असे, आणि त्यासमोर सगळा शेजार गोळा होई. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने त्या पडद्यावर अवतरले, तेव्हा आजोबा आणि नातू एकाच सतरंजीवर बसून हसत. एखादा विनोद बालकास कळला नाही, तर मोठे माणूस तो समजावून देई. आणि एखादा विनोद हीन वाटला, तर मोठ्यांच्या मुद्रेवरील आठीच त्याचे परीक्षण करी. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आणि कानांत स्वतंत्र गुंड्या आहेत. आठ माणसांच्या कुटुंबात एक मुलगा कोपऱ्यात बसून एकटाच खुदकन हसतो, आणि तो कशाला हसला हे उरलेल्या सातांस ठाऊक नसते. आईबापांस परीक्षेतील गुण जातील याची भीती वाटते. ती अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु घरातले सामाईक हसू हरपले ही आम्हांस त्याहून मोठी हानी वाटते. कारण अभिरुची ही उपदेशाने येत नाही, ती सहवासाने येते.

आपल्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला आहे. भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिली दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांची, मधली दोन मध्यमांची आणि शेवटची दोन अधमांची. म्हणजे माणूस कसा हसतो यावरून त्याची प्रकृती ओळखावी, असा याचा अर्थ. शिवाय रसनिष्पत्तीस विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग लागतो. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात हा संयोग व्हावयास अवकाशच कोठे? गोष्ट नाही, पात्र नाही, प्रसंग नाही. केवळ शेवटची फजिती तेवढी कापून हातावर ठेवलेली. असे शंभर तुकडे पाहून हसू येते, परंतु रस येत नाही. हा कोंडा खाऊन पोट भरण्याचा प्रकार आहे.

विनोद कोणावर, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. संस्कृत नाटकांतील विदूषक कोण? बहुधा ब्राह्मण, आणि तोही खादाड, भित्रा व प्राकृत बोलणारा. विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या वर्गाने आपल्यातलाच एक मनुष्य हसण्यासाठी पुढे उभा केला, यात केवढा मोकळेपणा आहे! आणि ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय पाहा : हास्यास्पद खरा, परंतु दरिद्री झालेल्या चारुदत्तास तो अंतर देत नाही. हाच धागा पुढे चिमणरावापर्यंत येतो. तो आपलीच फजिती आपल्या तोंडाने सांगतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा चाळकऱ्यांना हसता हसता श्रोत्यांस आपलेच घर दिसू लागले. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रे एकट्याने वठविली, आणि गावाकडच्या माणसांचे वेडेबागडेपण जिव्हाळ्याने दाखविले. याच्या उलट, काळा वर्ण, लठ्ठ देह, तोतरी वाणी किंवा पुरुषाने नेसलेले लुगडे एवढ्याच भांडवलावर चालणारी प्रहसनेही थोडी नाहीत. स्वतःवर किंवा सबळावर हसणे आणि दुर्बळावर हसणे यांतील भेद मुलास ओळखता आला, म्हणजे त्याचे अर्धे शिक्षण झाले असे समजावे.

तेव्हा छंद मोडू नये; त्याला वळण लावावे. त्यासाठी चार गोष्टी आम्ही सुचवितो.

पहिली : जे पाहावयाचे ते संपूर्ण पाहावे. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, आणि मुलाच्या आवडीचा एक कार्यक्रम सर्वांनी मिळून, आदि ते अंत, पाहावा. नाके मुरडण्यासाठी बसू नये. समजून घेण्यासाठी बसावे.

दुसरी : पाहून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा, ‘तुला हसू नेमके कशाचे आले?’ हा प्रश्न दटावणीचा नसावा, कुतूहलाचा असावा. उत्तर शोधता शोधता मुलगा आपोआप परीक्षक होतो.

तिसरी : आवडीवरून उगमाकडे न्यावे. 2015 सालचा ‘कट्यार’ हा चित्रपट आवडला, तर 1967 सालच्या मूळ नाटकातील वसंतराव देशपांड्यांचे गायन ऐकवावे. मग पदांतील राग ओळखण्याचा खेळ मांडावा. ‘सौभद्र’ आवडले तर महाभारतातील सुभद्राहरण सांगावे. ‘शाकुंतला’वरून कालिदासाकडे वाट जातेच. ‘संगीत देवबाभळी’ हे 2017 साली आलेले नाटक तर दोनच स्त्रीपात्रांचे आहे : तुकोबांची आवली आणि लखुबाईच्या रूपाने तिच्या घरी आलेली रखुमाई. घरात आजी आणि नात असतील, तर दोघींना त्यावर बोलावयास महिनाभर विषय पुरेल.

चौथी, आणि सर्वांत मोलाची : पाहणाऱ्याने करूनही पाहावे. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा चालत आली आहे. तेथे महाविद्यालयीन विद्यार्थीच नाटक बसवितात. 2022 साली परीक्षकांनी एकाही संघास करंडकास पात्र ठरविले नाही! ही गोष्ट कित्येकांस कठोर वाटली. परंतु टाळ्या सहज मिळतात, पसंती कमवावी लागते, हा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडणार? एक लहानसा प्रवेश बसवितानासुद्धा पाठांतर, वेळ पाळणे, दुसऱ्याचे वाक्य संपेतो थांबणे आणि आपटी खाल्ल्यावर पुन्हा उभे राहणे हे सारे शिकावे लागते. घरच्या गणेशोत्सवात दहा मिनिटांचे प्रहसन बसविण्यापासूनही आरंभ होऊ शकेल.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे खरे, पण दहावीचे वर्ष आले तर?’ त्या वर्षी वेळेची मर्यादा अवश्य घालावी, रात्रीचे जागरण तर मुळीच चालू देऊ नये. परंतु मर्यादा घालणे निराळे आणि तुच्छता दाखविणे निराळे. मर्यादा मुलगा वर्षभर सोसतो. तुच्छता तो विसरत नाही, आणि पुढे आपल्या आवडीची गोष्ट तो घरात बोलेनासाच होतो.

आपल्या साहित्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ असा सुंदर शब्द आहे. काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय, असे अभिनवगुप्तांनी म्हटले आहे. मुलगा ज्याला वेड म्हणून मिरवितो आणि आपण ज्याला खूळ म्हणून हिणवितो, ते या अनुशीलनाचे कच्चे रूप होय. ते पिकविण्यास घरची ऊब लागते. म्हणून पुढच्या वेळी कोपऱ्यातून हसू ऐकू आले, तर ‘पुस्तक कोठे आहे?’ असे विचारण्यापूर्वी ‘आम्हांलाही दाखव बरे’ एवढे म्हणून पाहावे.