पंख्याची कुरकुर

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले म्हणजे आपण काय करतो? कानात बोळे घालून गाडीत बसून राहत नाही. खाली उतरतो, कोणते चाक वाजते ते बघतो आणि वंगण घालतो. संगणकाचेही तसेच आहे. त्याचा पंखा ओरडू लागला, तर तो काहीतरी सांगत आहे असे समजावे.

आपल्या बीड जिल्ह्यात आता गावोगावी संगणक आले आहेत. ग्रामपंचायतीत, शाळेत, आपले सरकार सेवा केंद्रात ते दिसतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज ही कामे त्यावरच होतात. आपली पुष्कळ माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मग पाच-सहा महिने गावी येणे होत नाही. निघण्याआधी कागद हाती पडलाच पाहिजे. नेमका त्याच दिवशी संगणक बंद पडला, तर काय होते? हेलपाटा पडतो आणि मजुरी बुडते. एवढासा पंखा, पण त्याच्यापायी एवढे नुकसान!

पंखा हवाच कशाला?

संगणकाच्या खोक्याला लोक सीपीयू म्हणतात. खरे पाहता सीपीयू ही खोक्यातली एक लहानशी चौकोनी चकती आहे. सारी आकडेमोड ती करते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याला हात लावला की चटका बसे. ही चकती जोरात काम करू लागली, की जवळजवळ त्या दिव्याइतकी वीज खाते. त्या विजेची उष्णता होते. म्हणून चकतीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवतात, आणि त्यावर पंखा.

चकती जास्त तापली, की पंखा आपोआप जोरात फिरतो. तरी ती निवली नाही, तर संगणक सावकाश चालू लागतो. शेवटी जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका! त्यात काळ्या मातीची धूळ, वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू, परळीच्या बाजूला राख. हे सारे ठोकळ्याच्या फटींत जाऊन बसते. वारा आत शिरत नाही. मग पंखा बिचारा धावधाव धावतो.

आवाज ओळखा

घोंऽऽ असा एकसारखा आवाज आला, तर बहुधा धूळ साचली आहे.
कुर्र-कुर्र आवाज, विशेषतः सुरू करताना, आला तर पंख्याच्या आसाचे तेल वाळले आहे.
टकटकटक असा भरभर आवाज आला, तर एखादी वायर पात्यांना लागते आहे.
खडखड झाली आणि खोक्यावर हात दाबताच थांबली, तर स्क्रू ढिला आहे.

थांबून थांबून टक्‌-टक्‌ येत असेल, तर तो पंखा नसेलही. माहिती साठवणारी हार्ड डिस्क खराब होत असेल. तेव्हा आधी सारी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या.

जागा शोधा

खोक्यात एकच पंखा नसतो. एक चकतीवर, बहुधा एक मागच्या बाजूला आणि एक वीज देणाऱ्या डब्यात असतो. बाजूचे झाकण काढून संगणक सुरू करा. वर्तमानपत्राची नळी करा. एक टोक कानाला लावा, दुसरे एकेका पंख्याच्या दिशेने धरा. आत मात्र घालू नका. आवाज कोठून येतो ते लगेच कळते. पदर, बांगड्या, बोटे आणि सुटे केस लांब ठेवा, बरे का!

आता उपाय

आधी संगणक बंद करून प्लग काढा. खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. नाकाला रुमाल बांधा. खोके ओसरीवर आणून मऊ कुंचल्याने धूळ झाडा. ब्लोअर असेल तर वारा मारा, पण पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा गरगर फिरला, तर तो बिघडू शकतो. ओले फडके मुळीच नको.

वायर लागत असेल तर बाजूला बांधा. स्क्रू ढिला असेल तर आवळा. तेल वाळले असेल तर पंख्याच्या मधला कागद सोलून शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा. खोबरेल घालू नये, ते थंडीत गोठते. हा उपाय काही दिवसांचाच. पुढे त्याच मापाचा नवा पंखा आणून बसवावा.

वीज देणारा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते. ते काम मिस्त्रीचे.

कोणी म्हणतात, "आवाजाचा त्रास होतो ना? मग पंख्याची वायरच काढून टाका!" असे कधी करू नका. चकतीवरचा पंखा थांबला, की थोड्याच वेळात संगणक तापून बंद पडतो. आणि कुरकुरणारा पंखा एके दिवशी आपणहून गप्प झाला, तर आनंद मानू नका. तो फिरतो आहे की नाही, ते आधी बघा.

वर्षातून दोनदा झाडलोट पुरे. एकदा वेचणी आटोपल्यावर, उन्हाळा लागण्याआधी. आणि एकदा दसऱ्याच्या आधी, माणसे कागदांसाठी रांगेत उभी राहण्यापूर्वी. खोके जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. एवढे केले, तरी पुष्कळ कुरकुर मुळातच टळते.